सातशे साठ मीटरचा हिशेब

कुलाब्याच्या वेधशाळेत एप्रिलची दुपार साधारण ३३ अंशांच्या आसपास थांबते. तिथून रुळांनी सुमारे ६४ किलोमीटर आत, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधोमध असलेल्या चिखलोलीत, त्याच दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. मुंबईची मावशी फोनवर म्हणते, "काय रे हे ऊन, जीव जातोय." चिखलोलीतला भाचा यावर काही बोलत नाही. बोलून उपयोग नसतो. दादरला राहणाऱ्या माणसाला आपलं ऊन पटत नाही.

या सात-आठ अंशांना कारण आहे. उन्हाळ्यात घाटमाथ्यावरून पूर्वेचे कोरडे वारे खाली कोकणात उतरतात. घाटमाथा साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. कोरडी हवा खाली येताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी तापते. म्हणजे बोरघाट उतरेपर्यंत तिच्या तापमानात जवळपास सहा अंशांची भर पडलेली असते. खालची तापलेली जमीन उरलेलं काम करते. समुद्रावरचा वारा मुंबईला दुपारी लवकर थंड करतो, पण आमच्यापर्यंत पोचायला त्याला संध्याकाळ होते. तोवर पत्र्याच्या शेडखाली एमआयडीसीतला कामगार शर्ट पिळत असतो.

आता हाच नियम उलटा वापरायचा. हवा खाली उतरताना तापते, तर आपण वर चढावं. बदलापूरच्या पूर्व-पश्चिम कुठल्याही गच्चीवरून पाहा, मलंगगड, तावली, चंदेरी, म्हैसमाळ, नवरा-नवरी अशी एक रांग दिसते. ती पुढे पेबच्या किल्ल्यावरून माथेरानला जाते. म्हणजे थंड हवेचं ठिकाण म्हणून आपण ज्या डोंगरावर सुट्टी काढून जातो, त्याची शेपटी आमच्या चिखलोली धरणाच्या मागेच आहे. फक्त हॉटेलं दुसऱ्या टोकाला.

चिखलोली समुद्रसपाटीपासून तीस-चाळीस मीटरवर, नेरळही तेवढ्यावरच, माथेरान ८०० मीटरवर. फरक धरू ७६० मीटर. एका रात्रीच्या सहलीचा सगळा हिशेब या एका आकड्यावर मांडता येतो, आणि आकडा दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

आधी गारवा. सरासरी हवेत दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंश उतरतात, त्यामुळे ७६० मीटरला पाच अंश. एप्रिलच्या कोरड्या दुपारी हाच फरक सात अंशांपर्यंत जातो. पाच अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर तेवढाच गारवा आडवं चालून शोधून पाहा. मे महिन्यात चिखलोलीहून उत्तरेला निघालात तर जळगाव, इंदूर, कोटा, दिल्ली असं करत हवा तापतच जाते; गार व्हायला हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, दीड हजार किलोमीटर जावं लागतं आणि मग तिथेही चढावंच लागतं. पाऊण किलोमीटर वर जाणं हे दीड हजार किलोमीटर आडवं जाण्यापेक्षा सरस ठरतं.

मात्र एक गंमत मुंबईकरांना कुणी सांगत नाही. कुलाबा ३३, बदलापूर ४१, माथेरान ३४-३५. म्हणजे समुद्रकिनाऱ्याहून निघालेला माणूस आधी साठ किलोमीटर तापतो आणि मग ७६० मीटर चढून जिथून निघाला होता त्याच तापमानाला परत येतो. दुपारपुरतं पाहिलं तर त्याच्या पदरी फक्त कोरडेपणा पडतो. त्याची खरी वसुली रात्री होते. मुंबईत मे महिन्यात पहाटेही २७ अंश आणि घामाची चिकचिक, वर मात्र २२-२३. मुक्काम करायचा तो यासाठी; सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा मुंबईकर टॅक्सीचे पैसे वाया घालवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. चिखलोलीकराला मात्र दिवसाही फायदाच.

जानेवारीत हे गणित कोलमडतं. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन डोंगरउतारावरून खाली घरंगळते आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात साचते. अशा पहाटे बदलापूर-कर्जत माथेरानपेक्षा गार असतात. त्या दिवसांत खरं तर माथेरानकरांनी थंड हवा खायला आमच्याकडे मुक्कामी यायला हवं. अजून कुणी आलेलं ऐकिवात नाही.

चढताना आपण काहीतरी मागे ठेवतो, तेही मोजण्यासारखं आहे. समुद्रसपाटीला दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवेचं ओझं असतं. माथेरानला पोचेपर्यंत त्यातलं नऊशे किलोच्या आसपास खाली राहिलेलं असतं. चिप्सची पिशवी फुगते ती त्यामुळे, आणि चहाचं पाणी शंभराऐवजी सत्त्याण्णव अंशांनाच उकळतं.

वर जायचं कसं? १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने पायी चढून गेले, जागा आवडली, म्हणून पुन्हा आले आणि तिथे घर बांधलं. पुढची पन्नासेक वर्षं लोक घोडा, पालखी आणि स्वतःचे पाय यांच्याच भरवशावर वर जात होते. मग सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घातले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतलं आणि १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. सरकारने नव्हे, एका मुंबईकर कुटुंबाने खासगी पैशाने, आणि तेही डोंगरावर.

या गाडीचा मार्ग सुमारे वीस किलोमीटरचा. नेरळ ते माथेरान सरळ रेषेत जेमतेम सात. मग तेरा किलोमीटर जास्तीचे कशाला? उत्तर पुन्हा ७६० मध्ये आहे. रूळ गुळगुळीत, चाकही लोखंडाचं; चढ जास्त झाला की चाक जागच्या जागी फिरतं. इथे जास्तीत जास्त चढ ठेवला आहे वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. ७६० गुणिले वीस केले की १५.२ किलोमीटर येतात. अख्खा मार्ग सतत याच कमाल चढाचा ठेवला असता तरी पंधरा किलोमीटरपेक्षा कमी रुळांत वर पोचणं शक्यच नव्हतं. स्टेशनांची सपाटी आणि सौम्य चढ धरले की वीस होतात. बोरघाटातल्या मोठ्या गाड्यांचा कमाल चढ सदतिसास एक आहे, आणि तिथेही कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. त्या चढाने माथेरानला जायचं म्हटलं तर अठ्ठावीस किलोमीटर रूळ लागले असते, आणि एवढा रूळ या डोंगराच्या अंगावर मावला नसता.

वीस किलोमीटरही मावत नाहीतच, म्हणून ते गुंडाळले आहेत. दोनशेहून अधिक वळणं, त्यातली काही इतकी आवळलेली की त्यांची त्रिज्या साठ फुटांच्या आसपास, म्हणजे अठरा मीटर. आमच्या लोकलचा एक डबा वीस मीटर लांब असतो. वळणापेक्षा डबाच मोठा. म्हणून रुळांमधलं अंतर दोन फूट, डबे बुटके, आणि वेग असा की वीस किलोमीटरला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. ताशी साडेसात किलोमीटर. वाटेतल्या जुम्मापट्टी स्टेशनाला वडा खाऊन, थोडं धावून पुन्हा गाडी पकडणारी पोरं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात नेरळ ते माथेरानच्या अलीकडचं अमन लॉज स्टेशन हा भाग बंदच असतो, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. २००५ च्या जुलैत रूळ वाहून गेले ते २००७ ला पुन्हा जोडले. २०१९ च्या पावसाने पुन्हा तोडले ते २०२२ च्या ऑक्टोबरात जोडले.

आता अंगमेहनतीचा हिशेब. साठ किलोचा माणूस ७६० मीटर उचलायला किती ऊर्जा लागते? ४ लाख ४७ हजार ज्यूल. भीतीदायक वाटतं, पण विजेच्या मीटरवर हे होतं युनिटचा आठवा भाग. घरगुती दर आठ रुपये धरला तर एक रुपया. एका माणसाला माथेरानवर ठेवण्याची निसर्गाच्या दराने किंमत एक रुपया आहे. बाकीचं भाडं आपण डिझेल, घसारा, घर्षण, परतीची रिकामी फेरी आणि टॅक्सीवाल्याचा संसार यांचं देतो. पायी चढलात तर शुद्ध काम १०७ कॅलरींचं. पण आपले स्नायू खाल्लेल्यातलं पाऊण उष्णता म्हणून उधळतात, त्यामुळे खर्च सव्वाचारशे कॅलरींच्या घरात जातो. दीड वडापाव. नेरळ स्टेशनबाहेर दोन वडापाव खाऊन चढायला निघणारा ट्रेकर वर पोचतो तेव्हा अर्धा वडापाव फायद्यात असतो.

माणूस स्वस्त आहे. महाग आहे ते त्याच्यामागून वर जाणारं. शहरी पाणीपुरवठ्याचा ठरलेला हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर. पाणी वर न्यायचं तर तेही किलोनेच मोजावं लागतं, आणि १३५ किलो म्हणजे साठ किलोच्या पाहुण्याच्या दुपटीहून जास्त. पाहुणा एकदाच वर येतो. त्याचं पाणी रोज. माथेरानच्या शार्लोट तलावाला गावाची तहान पुरी भागवता येत नाही, म्हणून नेरळजवळ उल्हास नदीतून पाणी उपसून वर चढवलं जातं. एक हजार लिटर वर न्यायला निव्वळ दोन युनिट वीज लागते. पंप आणि पाइपातली तूट धरली की तीन. छोट्या गाडीच्या वाटेवरच्या एका स्टेशनाचं नावच वॉटर पाइप आहे.

आणि हे सगळं अशा गावात, जिथे वर्षाला सरासरी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो! पाच मीटर. दीड मजला. लंडनचा भिजट म्हणून सगळ्या जगात लौकिक, तिथे वर्षभरात सहाशे मिलिमीटर पडतो. आमच्या डोंगरावर तेवढा जुलैच्या दोन आठवड्यांत पडून जातो. माथेरान सुमारे सात चौरस किलोमीटरचं. सात चौरस किलोमीटर गुणिले पाच मीटर म्हणजे साडेतीन कोटी घनमीटर, म्हणजेच ३,५०० कोटी लिटर पाणी. मुंबई महापालिका रोज पावणेचारशे कोटी लिटरच्या पुढे पाणी शहराला देते. माथेरानच्या एका डोंगरमाथ्यावर पडणारा पाऊस अख्ख्या मुंबईला नऊ दिवस पुरेल. आमच्याकडचं बारवी धरण उंची वाढवल्यावर सुमारे ३४ कोटी घनमीटर पाणी धरतं. त्याच्या एक दशांश पाणी एकट्या या माथ्यावर कोसळतं आणि चार महिन्यांत कड्यांवरून खाली निघून जातं. उन्हाळ्यात तिथे पाण्याची बोंब.

ते जातं कुठे? पूर्वेकडच्या उतारावरचं उल्हासमध्ये. उल्हास कर्जत-नेरळ-बदलापूर अशी वाहते, आणि बदलापूरच्या बॅरेजवर त्यातलं काही आमच्या नळांना मिळतं. काही वेळा नको तेवढं मिळतं: २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. नेरळला उपसलेलं पाणी मात्र पुन्हा त्याच डोंगरावर जातं, जिथून ते उतरलं होतं. निसर्गाने फुकट चढवलेलं आपण सोडून द्यायचं आणि मग युनिट मोजून परत चढवायचं. शेजारच्या खोपोलीत १९१५ पासून टाटांचं वीजकेंद्र नेमका उलटा धंदा करतं. लोणावळ्याकडचं पाणी पाचशे मीटर खाली सोडून वीज विकायची. एकाच सह्याद्रीत एक गाव उंची विकत घेतं, दुसरं विकतं.

'फुकट' हा शब्द तरी तपासून घेऊ. साडेतीन कोटी टन पाणी ७६० मीटर उचलायला सव्वासात कोटी युनिट लागतात. आठ रुपयांनी ५८ कोटींचं बिल. पण पावसाचा मोठा खर्च उचलण्यात नसतो, आधी समुद्रातून त्याची वाफ करण्यात असतो. एक किलो पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता तेच पाणी माथेरानला चढवण्यापेक्षा सव्वातीनशे पट जास्त. सगळा आकडा होतो सुमारे २,४०० कोटी युनिट. तारापूरच्या चारही अणुभट्ट्या मिळून १,४०० मेगावॅटच्या. त्या एक मिनिटही न थांबता पूर्ण क्षमतेने चालल्या, तरी एवढी ऊर्जा द्यायला त्यांना जवळपास दोन वर्षं लागतील. ही फक्त सात चौरस किलोमीटरच्या पावसाची गोष्ट. अरबी समुद्रावर ऊन हे काम दर वर्षी करतं आणि बिल पाठवत नाही. चिखलोलीत एप्रिलमध्ये आपण ज्या उन्हाला शिव्या देतो, तेच ऊन जूनमध्ये टाकी भरतं.

डोंगराच्या वयाकडे वळायचं तर सुरुवात अंबरनाथच्या शिवमंदिरापासून करायला हवी. शिलालेखातला शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. मंदिर काळ्या पाषाणाचं, तोच पाषाण माथेरानच्या कड्यात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. एकावर एक थर साचत त्याने जी जमीन झाकली त्यातली पाच लाख चौरस किलोमीटर आजही शिल्लक आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार. माथेरानच्या माथ्यावर त्याच खडकाचा कुजून जांभा झाला आहे, आणि तीच ती लाल धूळ जी परतल्यावर बुटांतून आठवडाभर निघत राहते.

हा काळ डोक्यात मावत नाही, म्हणून तोही ७६० मीटरवर मांडू. नेरळ स्टेशन म्हणजे लाव्हा थंड झाला तो दिवस आणि माथेरानचा बाजार म्हणजे आज, असं धरलं तर एक मीटर म्हणजे जवळपास ८७ हजार वर्षं. मोटारींचा रस्ता संपतो त्या दस्तुरी नाक्याच्या पार पुढे जाऊन अगदी शेवटच्या पायरीवर, शेवटच्या अकरा मिलिमीटरांत अंबरनाथचं मंदिर बांधलं जातं. आदमजींची गाडी शेवटच्या दीड मिलिमीटरच्या आत सुरू होते. सत्तर वर्षं जगलेल्या माणसाच्या वाट्याला एक मिलिमीटरही पुरा येत नाही.

वर पोचल्यावर पॉइंट पाहायचे असतात. मोजून अडतीसएक पॉइंट सांगतात. सात चौरस किलोमीटरमध्ये म्हणजे दर अठरा हेक्टरला एक. सगळे पाहायचा हट्ट धरू नये, दोन-तीन पुरतात, कारण सगळीकडून दिसतं ते मुळात एकच, उंची. समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर संपतं. आठशे मीटरवर ते सरकतं १०१ किलोमीटरवर. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३२ हजार चौरस किलोमीटर होतं, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा अख्खा कोकण विभाग भरतो ३०,७२८. अर्थात पूर्वेला सह्याद्रीची भिंत आडवी येते, पश्चिमेला मुंबईचा धुरकट पडदा. निम्मंही हाती लागत नाही, तरी पावसानंतरच्या स्वच्छ हवेत किनारा दिसतो आणि मावशीचं घर साधारण कुठे असेल ते बोटाने दाखवता येतं.

राहिला प्रश्न गर्दीचा, आणि नियोजन करायचं ते खरं याचं. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये एवढी माणसं सहज असतात. म्हणजे अंबरनाथला सकाळी आठला आपण ज्या गाडीत घुसायचा प्रयत्न करतो, ती गाडी हे एक गाव आहे, नगरपरिषदेसकट. उल्हासनगरात तेरा चौरस किलोमीटरवर पाच लाख सहा हजार माणसं, चौरस किलोमीटरला अडतीस हजारांच्या वर. माथेरानला साधारण सव्वासहाशे. हा विरळपणा आपल्याला वर खेचतो, आणि मे महिन्याच्या शनिवारी एकदोन लोकलभर पाहुणे गेले की तो संपतो. छोटी गाडी त्यात मदतीला येत नाही. एका फेरीत शंभराच्या आसपास माणसं, दिवसात फेऱ्या मोजक्याच. एक लोकल रिकामी करायला चाळीसहून जास्त छोट्या गाड्या लागतील.

तेव्हा शक्यतो मंगळवार-बुधवार धरा. चिखलोलीला मंजूर झालेल्या स्टेशनाच्या भरवशावर न राहता रिक्षाने बदलापूर गाठा. तिथून नेरळ एकोणीस किलोमीटर. छोट्या गाडीत जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर शेअर टॅक्सीने दस्तुरी, कारण पुढे मोटारींना बंदी आहे. प्रवेशकराचे सुट्टे हाताशी ठेवा. दस्तुरीहून बाजार तीन किलोमीटरच्या आत, चालत जा, सामान कमी घ्या. जेवण रात्री आठच्या आत सांगून ठेवा. आणि सकाळी हॉटेलवाल्याने आंघोळीला एकच बादली दिली तर कुरकुर करू नका. ती बादली तुमच्यासारखीच नेरळहून चढून आली आहे.